इन्फ्रारेडने पेशी वाचता येते, बायॉप्सी टाळता येत नाही

‘इन्फ्रारेडने दोन मिनिटांत कॅन्सरची पेशी ओळखतात, आता बायॉप्सी नको, पॅथॉलॉजिस्ट नको, अचूकता ९९ टक्के’ अशा आशयाचा मजकूर सतत फिरत असतो. सोबत शरीराचं लाल-निळं चित्र. यामागचं मूळ संशोधन, म्हणजे इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपी, खरं आहे आणि मोलाचं आहे, म्हणूनच त्याच्या नावावर काय काय खपवलं जातंय ते सांगायला हवं. गाठ हाताला लागलेली असताना कुणी हे वाचून बायॉप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं) पुढे ढकलली, तर गेलेले महिने परत येत नाहीत.

आधी ते चित्र. ते थर्मोग्राफीचं असतं. थर्मल कॅमेरा त्वचेतून बाहेर पडणारी उष्णता टिपतो, पेशीतल्या रेणूंशी त्याचा संबंध नाही. मॅमोग्राफीच्या (स्तनांच्या एक्स-रे तपासणीच्या) जागी थर्मोग्राफी वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेने, २०१७ मध्येच दिला आहे. स्पेक्ट्रोस्कोपीत नमुन्यावर इन्फ्रारेड प्रकाश टाकून तो कुठल्या तरंगलांबीला किती शोषला जातो ते पाहतात; त्या आलेखाला वर्णपट म्हणतात. प्रति सेंटिमीटर (एका सेंटिमीटरमध्ये किती तरंग बसतात) या एककात प्रथिनांचा सर्वांत ठळक पट्टा १६५० च्या आसपास दिसतो, डीएनए-आरएनएतल्या फॉस्फेटचे १२४० आणि १०८० जवळ.

‘बायॉप्सी नको.’ पाणी हा प्रकाश जोरदार शोषतं ते १६४० च्या आसपास, म्हणजे नेमकं प्रथिनांच्या पट्ट्यावर. ओल्या ऊतीत हा प्रकाश दहाएक मायक्रोमीटरच्या पुढे फारसा पोचत नाही. त्यामुळे काही मायक्रोमीटर जाडीचा काप घेऊन तो वाळवावा लागतो. साधी काच २००० च्या खाली प्रकाश अडवते, म्हणून स्लाइडही कॅल्शियम फ्लोराइडसारख्या पदार्थाची लागते. आता हा काप येतो कुठून? बायॉप्सीतून! रक्ताच्या वाळवलेल्या थेंबावरही काम चालू आहे, पण त्याचा रोख कुणाची तपासणी आधी करायची हे ठरवण्यावर आहे.

‘कॅन्सरची स्वतःची खूण वर्णपटात दिसते.’ या मुद्द्यावर जरा थांबायला हवं, कारण इथे जाणकारही फसले होते. १९९१ मध्ये कॅनडातल्या वाँग आणि सहकाऱ्यांनी गर्भाशयमुखाच्या खरवडून काढलेल्या पेशींचे वर्णपट प्रसिद्ध केले. निरोगी आणि कर्करोगाच्या नमुन्यांत स्पष्ट फरक होता आणि त्यात ग्लायकोजेनचा (पेशीत साठवलेल्या साखरेचा) पट्टा उतरलेला होता. पुढे लक्षात आलं की वरच्या थरातल्या पक्व पेशींत ग्लायकोजेन भरपूर असतं, तर तळाच्या अपक्व पेशींत ठणठणीत असतानाही ते कमीच असतं. शिवाय मासिक पाळीबरोबर ते बदलतं आणि नमुन्यात श्लेष्मा, रक्त, दाहाच्या पेशी मिसळलेल्या असतात. म्हणजे दिसलेल्या फरकाचा बराच भाग पेशींच्या पक्वतेचा आणि मिश्रणाचा असू शकत होता.

इमेजिंगचं महत्त्व इथेच कळतं. सगळ्या पेशींचा एकच सरासरी वर्णपट घेण्याऐवजी प्रत्येक पिक्सेलचा वेगळा घेतला की अस्तराच्या पेशी आणि आधार-ऊती निराळ्या काढता येतात. तरी मर्यादा उरतेच. १६५० ला तरंगलांबी सुमारे ६ मायक्रोमीटर, आणि पेशीचं केंद्रकही जवळपास तेवढंच. त्यामुळे नेहमीच्या इन्फ्रारेड सूक्ष्मदर्शकात केंद्रकाच्या आतलं काही सुटं दिसत नाही. पेशी आणि तरंगलांबी एका मापाच्या असल्यामुळे प्रकाश विखुरतो आणि प्रथिनांचा पट्टा सरकल्यासारखा दिसतो. हे विकिरण दुरुस्त न करता त्या सरकण्याला ‘आजाराचं लक्षण’ म्हणणं ही घोडचूक आहे.

‘९९ टक्के.’ कशाचे? मोजक्या रुग्णांकडून हजारो वर्णपट मिळतात. ते सरमिसळ करून अर्धे शिकवायला आणि अर्धे चाचणीला ठेवले, तर एकाच रुग्णाचे वर्णपट दोन्हीकडे येतात. मग संगणक आजार ओळखतो की तो रुग्ण, सांगता येत नाही. चाचणीचे रुग्ण पूर्ण वेगळे होते का, हा माझ्या मते पहिला प्रश्न असायला हवा.

आणि समजा आकडा खरा आहे. १०,००० जणांत ५० आजारी असतील, तर ९९ टक्के अचूक चाचणी त्यातले जवळपास सगळे पकडेल, पण ९,९५० निरोगी लोकांपैकी सुमारे १०० जणांनाही आजारी ठरवेल. दीडशेतले ते शंभर कोण, हे ठरवायला पुन्हा बायॉप्सीच.

‘दोन मिनिटांत’ हे निव्वळ मोजमापापुरतं अगदीच खोटं नाही. क्वांटम कॅस्केड लेसर या इन्फ्रारेड प्रकाश देणाऱ्या लेसरने ठरावीक तरंगलांब्यांवर झटपट मोजता येतं. नमुना तयार करण्याचा वेळ मात्र सोयीस्करपणे वगळला जातो.

‘पॅथॉलॉजिस्ट नको.’ कुठला भाग रोगट आणि कुठला निरोगी हे संगणकाला शिकवतं कोण? पॅथॉलॉजिस्टने केलेल्या खुणाच. २००५ मध्ये रोहित भार्गव आणि सहकाऱ्यांनी प्रोस्टेटच्या ऊतींमधले पेशीप्रकार रंगद्रव्य न वापरता इन्फ्रारेड प्रतिमांतून ओळखून दाखवले, तेही अशा खुणांच्या आधारावरच. या तंत्राची खरी ताकद तिथे दिसते. काप न रंगवता वाचून होतो, नंतर त्याच कापावर नेहमीची रंगवणी करता येते, आणि पॅथॉलॉजिस्टने आधी कुठे पाहायचं ते इन्फ्रारेडची प्रतिमा दाखवू शकते.