दोन मिनिटं गोडं पाणी आणि घट्ट ताडपत्री? एवढ्यावर बोट टिकत नाही

मे महिना सरत आला की हौसेनं गरवायला, म्हणजे गळानं मासे धरायला, जाणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: फायबरची बोट आणि तिच्या मागे बाहेरून कसलेलं आउटबोर्ड इंजिन पावसाळ्यासाठी तासाभरात घरच्या घरी बंद करून ठेवता येतं. इंजिन दोन मिनिटं गोड्या पाण्यात चालवा, पाणी गोठू न देणारं अँटीफ्रीझ घाला, टाकी काठोकाठ भरा, ऑइल सीझन सुरू होताना बदला, बुडाला चिकटलेली कवचं संडास धुवायच्या ॲसिडनं काढा, बॅटरी जमिनीवर ठेवू नका आणि वरून ताडपत्री घट्ट आवळा. फायबर काही कुजत नाही, ऑगस्टमध्ये दोरी ओढली की इंजिन चालू.

घरच्या घरी करता येतं, एवढं बरोबर आहे. किंबहुना करावंच लागतं, कारण मेच्या शेवटच्या आठवड्यात बंदरावरचा मेकॅनिक पोटासाठी मासेमारी करणाऱ्यांच्या इंजिनांत बुडालेला असतो आणि आपला हौशी नंबर कायम शेवटी. पण बाकीची यादी वाचताना जाणवतं, की ती जिथं हिवाळ्यात पाणी गोठतं तिथून उचलली आहे. आपल्याकडे बोट थंडीत उभी राहत नाही. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते, आणि त्याच काळात कोकणात धो धो पाऊस, उकाडा आणि चपलेलाही बुरशी धरेल अशी हवा असते. आपली लढाई ओलीशी आहे. त्या हिशेबानं यादी तपासली तर बरंच काही उलटं निघतं.

अँटीफ्रीझपासून सुरुवात करू, कारण तो मुद्दा एका ओळीत संपतो. देवबागला किंवा दाभोळला पाणी गोठत नाही. शिवाय आउटबोर्ड सरळ उभं ठेवलं की त्यातलं पाणी आपोआप निथळून जातं. ते पैसे गियर ऑइलला ठेवा.

आता ती दोन मिनिटं. समुद्राचं आणि खाडीचं पाणी इंजिनाच्या पोटातून फिरून त्याला थंड ठेवतं. ते आत मीठ ठेवून जातं, म्हणून गोड्या पाण्यानं धुवायचं. इथवर सगळे सहमत. पण इंजिनात थर्मोस्टॅट असतो. साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत इंजिन तापल्याशिवाय तो नीट उघडत नाही, आणि तो बंद असेतोवर सिलिंडरभोवतीच्या वाटांतून पाणी जेमतेम फिरतं. दोन मिनिटांत इंजिन तेवढं तापतच नाही. म्हणजे धार बाहेर पडताना दिसते, मनाचं समाधान होतं, आणि मीठ जिथल्या तिथं राहतं. कमी गतीवर दहा-पंधरा मिनिटं चालवा. बादली पुरणार नाही, दोनशे लिटरचं पिंप घ्या. प्रोपेलर आधी काढून ठेवा. पाणी प्रोपेलरच्या वरच्या आडव्या पट्टीच्याही वर आलं पाहिजे. पाच मिनिटांनी पिंपातलं पाणी चाखून बघा, खारट लागतं. ते ओतून द्या आणि नवं भरा, नाहीतर तुम्ही मिठानंच मीठ धुताय. पाण्याशिवाय मात्र इंजिन क्षणभरही चालवायचं नाही. आतला पाणी खेचणारा रबरी इंपेलर पाण्यावरच सरकतो, कोरडा फिरला की त्याच्या पाकळ्या जळतात.

टाकी काठोकाठ भरण्याचा सल्ला जुन्या पेट्रोलच्या काळात चुकीचा नव्हता. रिकाम्या जागेत दमट हवा नको, एवढाच त्यातला हेतू. पण आता पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. ठरावीक मर्यादेपर्यंत ते पाणी मिसळून राहतं. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात आणि पेट्रोल वर तरंगतं. नुसत्या हवेतल्या ओलीनं ही वेळ यायला उशीर लागतो, पण टोपणाच्या झिजलेल्या वॉशरमधून पाऊस झिरपला तर लागत नाही. टाकीतली नळी नेमकी तळातून ओढते. टू-स्ट्रोक असेल तर आणखी वाईट, कारण मिसळलेलं ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं आणि इंजिनाला खालचा बिनतेलाचा थर मिळतो. तेव्हा छोटी, उचलून नेता येणारी टाकी असेल तर सरळ रिकामी करा. बिनऑइलचं पेट्रोल गाडीत वापरा. ऑइल मिसळलेलं असेल तर मेमध्येच शेवटच्या फेऱ्यांत संपवा. टोपणावरचा हवेचा स्क्रू बंद करा. पेट्रोलनं भरलेली टाकी पडवीत दोन महिने ठेवणं हा आगीच्या दृष्टीनंही शहाणपणा नाही.

टाकीपेक्षा कार्बुरेटर जास्त छळतो, आणि त्याचा या सल्ल्यात उल्लेखच नाही. त्याच्या वाटीत उरलेलं घोटभर पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट पिवळा थर राहतो. पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं, ते बुजायला तेवढा थर पुरतो. ऑगस्टमध्ये ‘चालू होतं पण ॲक्सिलरेटर दिला की मरतं’ अशी तक्रार असते, तिच्या मुळाशी बहुतेकदा हेच असतं. धुणं संपत आलं की पेट्रोलची नळी काढा आणि इंजिन आपोआप बंद पडू द्या. मग वाटीच्या खालचा स्क्रू सैल करा, तरीही थोडं पेट्रोल निघेल, ते फडक्यात घ्या. फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनाला मात्र असं कोरडं चालवू नका, त्याच्या पंपाला पेट्रोलचाच आधार असतो. तिथं कंपनीच्या पुस्तकात सांगितलेल्या स्क्रूतूनच निचरा करायचा. शेवटी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा आणि इंजिन बंद पाडणाऱ्या किल-स्विचची दोरी काढून ठेवून हातानं दोन-तीनदा स्टार्टर ओढा. आतल्या भिंतींना गंज धरत नाही.

ऑइल सीझन सुरू होताना बदलायचं, म्हणजे नवं ऑइल पडून वाया जात नाही, असा युक्तिवाद आहे. वाया काय जातं ते बघा. फोर-स्ट्रोकच्या वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि पाणी असतं, ते दोन महिने बेअरिंगवर बसून राहणार. बंद करण्याआधीच बदला.

जुनं गियर ऑइल काढताना तर त्याच्या रंगावरूनच निदान होतं. खालचा स्क्रू आधी काढा, मग वरचा. काळपट आलं तर ठीक. दुधाळ, चहासारखं आलं तर आत पाणी शिरलंय, आणि आपल्यासारख्यांच्या बोटीत त्याचं नेहमीचं कारण म्हणजे तंगूस, गळाची नायलॉनची दोरी. तुटलेला तंगूस प्रोपेलरमागे शाफ्टला गुंडाळतो, घासत घासत पाणी अडवणाऱ्या सीलच्या ओठात शिरतो आणि सील कापतो. जिताडा माशाच्या मागे कांदळवनाच्या कडेकडेनं फिरणाऱ्यांनी प्रोपेलर काढून तिथं बघितलंच पाहिजे. मला तिथं एकदा तीन रंगांचा तंगूस सापडला, त्यातला एकच माझा होता. नवं ऑइल खालच्या भोकातून वर चढवायचं, वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय येईपर्यंत. मग वरचा स्क्रू आधी लावायचा, खालचा नंतर, आणि दोन्हींचे वॉशर नवे. हे काम ऑगस्टवर ढकललं तर शिरलेलं पाणी पूर्ण पावसाळा गियरमध्ये मुरतं.

ॲसिडबद्दल. कवचं चुन्याची असतात, ॲसिडनं विरघळतात, म्हणजे उपाय लागू पडतो हे मान्य. पण तेच ॲसिड ओघळून इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या पायावर जातं, इंजिनाऐवजी स्वतः झिजणाऱ्या झिंकच्या वडीवर जातं, ट्रॉलीच्या गॅल्व्हनाइझ पत्र्यावर जातं. बोट ओढून घेतल्याच्या दिवशीच, बूड ओलं असताना, लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडलं तर निम्मं काम फुकटात होतं. वाळल्यावर तीच कवचं सिमेंट होतात. उरलेल्या चकत्यांना ॲसिड लावायचंच तर इंजिन उतरवून, हातमोजे घालून, आणि लगेच भरपूर पाण्यानं धुवा. त्या झिंकच्या वडीला रंग मात्र कधीच लावू नका. तिनं झिजावं म्हणूनच ती तिथं आहे. अर्ध्यावर आली की बदला. निमखाऱ्या खाडीत ॲल्युमिनियमची वडी झिंकपेक्षा चांगली चालते.

‘फायबर कुजत नाही’ हे वाक्य सगळ्यात महागात पडणारं आहे. फायबर नाही कुजत, पण पुष्कळ बोटींच्या ट्रान्सममध्ये, म्हणजे इंजिन जिथं कसतो त्या मागच्या भिंतीत, प्लायवूड असतं. कुणी रॉड-होल्डरसाठी, कुणी मासे दाखवणाऱ्या फिशफाइंडरच्या वायरसाठी तिथं भोकं पाडलेली असतात. त्यातून जाणारं पावसाचं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा घातक, कारण लाकूड कुजवणारी बुरशी गोड्या पाण्यात पोसते, खाऱ्यात तिचं फारसं चालत नाही. एखादा स्क्रू काढून बघा. तपकिरी पाणी आलं, किंवा मुठीनं ठोकल्यावर टणटणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर आत खराबी आहे. इंजिन वर उचलून त्यावर भार द्या, भिंत लवत असेल तर बोट पाण्यात न्यायचीच नाही. धडधाकट असेल तर सगळे स्क्रू काढून, भोकं वाळवून, बोटींसाठीच्या लवचिक सीलंटमध्ये पुन्हा बसवा. कडक होणारी लांबी इंजिनाच्या थरथरीनं तडकते.

आणि मग ताडपत्री. साधा हिशेब करा: सात चौरस मीटरच्या उघड्या बोटीवर दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ७०० लिटर, म्हणजे ७०० किलो. जुलैत असे दिवस येतात. तेवढा भार खालच्या दोन ओंडक्यांवर आला की बूड दबतं, कधी तडकतं. म्हणून पहिलं काम, तळाचं बूच काढून ठेवणं आणि बोटीचं नाक थोडं वर करणं. दुसरं, झाकण आवळायचं नाही. काठाला घट्ट बांधलेल्या प्लास्टिकखाली वाफ कोंडते, खोलगटात पाणी साचतं आणि शेवटी ताडपत्रीच फाटते. कोळीवाड्यात होड्यांवर माडाच्या विणलेल्या झावळ्यांचे झाप घालून शाकारतात, तिथं दोन्ही तोंडं उघडी असतात ती उगाच नाही. मधोमध उंच बांबू, दोन्ही बाजूंना उतार, पुढून-मागून वारा खेळता, आणि ताडपत्री बोटीला न टेकता. लाइफ जॅकेट या झाकणाखाली कोंबून ठेवू नका, सावलीत वाळवून घरात टांगा.

बॅटरी लादीवर उतरते हा जुन्या काळचा समज, आजच्या प्लास्टिक डब्याच्या बॅटरीला तो लागू नाही. तिला मारतं ते न वापरता उतरत जाणं. काढून घरी आणा, महिन्याला चार्ज करा.

राहिली ऑगस्टमधली दोरी. नारळी पौर्णिमेची घाई असली तरी पहिली दोरी पिंपात ओढायची, पाण्यावर नव्हे. चालू झाल्यावर इंजिनाच्या बाजूच्या भोकातून पाण्याची धार येतेय का ते बघा. आली नाही तर लगेच बंद करा आणि भोकात जाड तंगूसाचा तुकडा सारा. दोन महिने उभ्या इंजिनाच्या या भोकात कुंभारीण माशीला घर करायला फार आवडतं, बऱ्याचदा तिची मातीच बाहेर येते. माती काढूनही धार नसेल तर इंपेलर उघडून बघितल्याशिवाय बोट लोटू नका. तो पाकळ्या एका बाजूला वाकवून कडक झालेला असेल तर नवा घालून मगच.