वहीतली फाडलेली पानं मोजा

दहावीतल्या मुलाची भूमितीची वही एकदा हातात घ्या. दोनशे पानी वहीची दीडशेच उरली असतील, तर "किती टापटीप आहे आमचा" म्हणून कौतुक करू नका. वर्तुळ जरा हललं की पान फाडलं जातं. त्यासोबत शिवणीपलीकडचं जोडपान निखळतं, मग तेही पुन्हा लिहायचं. रात्रीचे साडेअकरा वाजतात आणि झालेलं असतं एकच प्रमेय. ही शिस्त नाही, भीती आहे.

चांगलं काम करायची ओढ वेगळी आणि चुकलो तर आपली काही किंमतच उरणार नाही, हे वाटणं वेगळं. असं वाटणारं मूल हळूहळू अभ्यासाला बसेनासंच होतं. सराव पेपरात कमी मार्क दिसतील म्हणून "आधी धडा पूर्ण होऊ दे" म्हणत राहतं, आणि घरचे त्याला आळशी ठरवतात. मला याचंच सर्वांत वाईट वाटतं.

करन आणि हिल या संशोधकांनी अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमधल्या ४० हजारांहून अधिक कॉलेज विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातली माहिती तपासली. आपण अचूकच असावं अशी इतरांची अपेक्षा आहे, ही भावना ३३ टक्क्यांनी वाढलेली दिसली. आकडे तिकडचे आहेत. पण दादर ते डोंबिवली लोकलमध्ये अकरावीच्या कटऑफच्या गप्पा मुलंही ऐकत असतात.

बोर्डाचा भूमितीचा पेपर ४० मार्कांचा, वेळ २ तास. म्हणजे मार्काला ३ मिनिटं. तीन मार्कांच्या आकृतीवर २० मिनिटं घालवली, तर येत असलेलं शेवटचं गणित कोरं राहतं.

म्हणून घरात एवढं ठरवा: पान फाडायचं नाही. एका रेघेनं खोडायचं आणि खाली लिहायचं. पहिला आठवडा चिडचिड होईल, रडूही येईल. ओरडू नका, पण नवी वहीही आणून देऊ नका. आठवड्याला एक पेपर गजर लावून. २ तास झाले की पेन खाली, अर्धवट का असेना. तपासताना प्रत्येक चुकीपुढे लिहायचं: येत नव्हतं, घाईत गेलं की वेळ पुरला नाही. तिन्हींचे उपाय निराळे असतात. आणि त्या संध्याकाळी "वर्गात हायेस्ट किती?" हे कृपा करून विचारू नका.

झोप उडाली, डबा तसाच परत येतोय, मित्र तुटले, असं दोन आठवडे चाललं तर समुपदेशकाकडे न्या. "जगून काय उपयोग" असं एकदा जरी बोललं, तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या आणि त्याला एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६. मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.