४६० वॅट कुठून आले, आणि माझं कुठे चुकलं

आमचं पिक्चर ट्यूबवालं जुनं व्हिडिओ गेमचं मशीन खेळताना ९४ वॅट खातं आणि बंद असताना शून्य, असं मी मूळ लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया चार ओळींची, पण झोंबली. मशीनच्या पाठीवरच्या पट्टीवर २३० व्होल्ट, २ अँपिअर लिहिलंय, गुणाकार ४६० वॅट, मग मी ९४ कुठून आणले, असा तुमचा सवाल. स्वस्तातल्या प्लग-मीटरवर (सॉकेट आणि प्लगच्या मध्ये लावायचा वॅट-मीटर) विसंबून लोकांची दिशाभूल करू नका, हा सल्ला. आणि ‘बंद असताना शून्य’ हे माझं वाक्यही तुम्हाला पटलेलं नाही.

आधी ४६०. पट्टीवरचे २ अँपिअर ही वरची मर्यादा. फ्यूज आणि वायर त्या हिशोबाने घ्यायची. रोजचा करंट तेवढा नसतो. तारेभोवती अडकवून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावला तर ०.६८ अँपिअर दिसले. त्याला २३० ने गुणलं की १५६ येतात, पण ते व्होल्ट-अँपिअर. आतला पॉवर सप्लाय करंट सलग घेत नाही, लाटेच्या शेंड्यावर गचके देत ओढतो, म्हणून पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट-अँपिअरपैकी खऱ्या वॅटचा हिस्सा, ०.६ वर अडकतो. १५६ गुणिले ०.६, हेच ते ९४. घरगुती मीटर मात्र युनिटं मोजतो, ती खऱ्या वॅटची.

प्लग-मीटरवर माझाही आंधळा विश्वास नव्हता. रविवारी दुपारी फ्रिजसकट घरातलं सगळं बंद केलं (बायकोने दहाच मिनिटं मंजूर केली), मुलाला खेळायला बसवलं आणि जिन्याखाली मीटरच्या लाल दिव्यासमोर उभा राहिलो. त्यावर ३२०० पल्सला १ युनिट असं छापलंय. दहा मिनिटांत दिवा ५१ वेळा लुकलुकला. म्हणजे साधारण ९६ वॅट. शेजारच्या काकांना मी मीटरशी काहीतरी भानगड करतोय असं वाटलं, ते वेगळंच.

एक खरं, आकडा स्थिर नसतो. जुनी पिक्चर ट्यूब खेळातल्या काळ्या अवकाशात कमी खाते, पांढरी स्क्रीन आली की जास्त. म्हणून क्षणाचे वॅट न टिपता मी तासाभराचे युनिट घेतले. चालू करताना ‘घ्रूंऽ’ होतं ती डीगॉसिंग कॉइल, ट्यूबमधलं चुंबकत्व घालवणारी. तेव्हा आकडा उडी मारतो, पण दोन-तीन सेकंदच.

आता शून्याचं. इथे तुम्ही जिंकलात. मोजताना मी भिंतीवरचं बटण बंद केलं होतं. मुलगा रोज मशीनच्या मागचं बटण दाबतो, आणि ज्याने हे खोकं बांधलं त्याने ते बटण आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच्या (मशीनला घरच्या मेन लाइनपासून वेगळं ठेवणारा) आधी नाही, नंतर बसवलंय. खेळ बंद, स्क्रीन काळी, ट्रान्सफॉर्मर मात्र कोमट. काल मोजलं: १२ वॅट. रोज तासभर खेळलं तर महिन्याला तीन युनिटांच्या आत. उरलेले २३ तास नुसतं उभं राहून आठ. महिन्याचा वापर शंभर युनिटांच्या काठावर असेल तर एवढ्यानेच पुढचा दर लागतो.

ट्रान्सफॉर्मर काढा असं मात्र कुणी सुचवू नका. या जुन्या मॉनिटरची चासी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट मेन्सवर असते, हात लागला तर गेलात. बटण ट्रान्सफॉर्मरच्या आधी घ्यायला इलेक्ट्रिशियन शनिवारी येतोय. तोवर मूळ लेखातलं ‘शून्य’ खोडून १२ लिहिलंय.