श्वास काढा, माणूस ठेवा

"मशीन बरं बोलतंय की ओ आजकाल," असं एका ज्येष्ठ नागरिकाने परवा माझ्या तोंडावर म्हटलं. मशीन म्हणजे मी.

सांगलीत मार्केट यार्डाच्या बाजूला ठिबकच्या साहित्याचं एक दुकान आहे. त्यांना जाळीचा फिल्टर साफ कसा करायचा याचा पाच मिनिटांचा व्हिडिओ हवा होता. चित्रण त्यांचं, आवाज माझा. फाईल पेनड्राइव्हवर घेऊन गेलो, मालकांनी काउंटरवरच्या संगणकावर लावली, आणि शेजारी भडंगाचा पुडा उघडून बसलेल्या त्यांच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, वरील निकाल दिला.

"अण्णा, हेच बोलल्यात त्यात," मालक माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवून मला पायापासून वर बघितलं.

"हे?"

"हां."

"तब्येत बरी न्हवती का त्या दिवशी?"

मी म्हटलं, "ठीक होती की."

"न्हाई, म्हंजे माणूस बोलताना मधी दम घेतो. ह्यो घेतच न्हाई. सलग पाच मिनिटं. मला हितं बसून धाप लागली." असं म्हणून त्यांनी खरोखरच पाणी मागवलं.

आता यातली गंमत अशी, की श्वास होते. पहिल्या फाईलमध्ये सगळे होते, जिथल्या तिथे. त्यावर मालकांचा निरोप आला होता, "सर, मधे मधे फुस्स असा आवाज येतोय तो काढा. आणि गॅप कमी करून साडेपाचचा पाचवर आणा." काढले. आणले. मी मालकांकडे बघितलं. मालक अचानक बिलबुकात फार गुंतले होते.

हे एकदा सांगून ठेवतो. निवेदनातला श्वास मुळापासून कापायचा नसतो, सहा ते आठ डेसिबलने खाली घ्यायचा असतो. वाक्याच्या मधोमध आलेली धाप काढा, ती कुणालाच नको. पण नवी पायरी सुरू होण्याआधीचा श्वास ठेवायचा, कारण तो ऐकणाऱ्याला सांगतो की आता पुढचं काहीतरी येतंय. आणि जे काही कापाल त्या जागी कोरी शांतता टाकायची नाही. कोऱ्या शांततेत कानाला वाटतं की फोन कट झाला. म्हणून रेकॉर्डिंग संपल्यावर त्याच खोलीत, माइक तसाच ठेवून, तीस सेकंद काही न बोलता उभं राहायचं आणि ती खोली रेकॉर्ड करायची. पुढे प्रत्येक फट त्या खोलीच्या शांततेने बुजवायची. घरचे लोक दाराच्या फटीतून या तीस सेकंदांत आपल्याकडे कसे बघतात ते सोडून द्यावं.

तर अण्णांचं पाणी पिऊन झालं तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. तासगावकडचे कोणी बागायतदार होते. आणि अण्णांनी, माझा पाच मिनिटांचा व्हिडिओ अजून पडद्यावर गोठलेला असताना, तोच विषय फोनवर सुरू केला.

"हां, बोला. पाणी कमी पडतंय? फिल्टरला दोन काटं हायती बगा, एक आधी, एक नंतर. हां. आधीचा किती दावतोय? दोन. आन् नंतरचा? दीडच्या खाली? मग तुंबलाय की ओ! मोटर बंद करा पयली. ... केली? न्हाई न्हाई, करा, मी थांबतो."

आणि थांबले. भडंग खात थांबले. पलीकडे माणूस मोटरीपर्यंत चालत जाऊन आला असावा, एवढे थांबले.

"झाली? आता व्हॉल्व्ह बंद. आता झाकण... अंहं! दाब सोडा आधी, मग झाकण. तोंडावर येईल न्हाईतर. हां. जाळी काढा. नळाखाली धरा आन् ब्रशनं, मऊ ब्रशनं, तारेचा न्हाई. तारेनं जाळी फाटती. दोन्ही टोकाला रबर हाय ते बगा, हाय का जागेवर? ते नीट न्हाई बसलं तर घाण पाणी बगलेनं जातंय, मग धुऊन उपेग काय."

दोन मिनिटांत विषय संपला. काट्यांतला फरक अर्ध्या किलोवर गेला की फिल्टर उघडायचा, हे माझ्या स्क्रिप्टमध्येही होतं. फक्त ते असं होतं: "फिल्टरपूर्व व फिल्टरपश्चात दाबमापकांमधील तफावत ०.५ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरपेक्षा अधिक आढळल्यास सफाई करण्यात यावी." हे कंपनीच्या माहितीपत्रकातून आलेलं वाक्य आणि मालकांची अट, एक अक्षर बदलायचं नाही. हे वाक्य जगातला कुठलाही माणूस माणसासारखं बोलून दाखवू शकत नाही.

मराठीत क्रियापद शेवटी येतं, ही शिकवणीच्या व्हिडिओतली सर्वांत धोक्याची गोष्ट. "मोटर चालू असताना व दाब पूर्णपणे सोडलेला नसताना फिल्टरचे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू" इथपर्यंत ऐकणाऱ्याने झाकण उघडलेलंही असतं. मग येतं "नये". तोवर तो नखशिखांत भिजलेला. अण्णांच्या "अंहं!"मध्ये तो "नये" सगळ्यात आधी आला होता. म्हणून वाक्यं तोडायची. एका वाक्यात हाताचं एक काम. मोटर बंद करा. व्हॉल्व्ह बंद करा. दाब सोडा. आणि प्रत्येकानंतर हात तिथे पोहोचेल एवढी जागा. वेग म्हणाल तर मराठीत मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द पुष्कळ झाले. आकडे, मात्रा आणि सुट्या भागांची नावं त्याहून सावकाश. पण गॅप कमी करून पाचवर आणायचं असतं ना.

मी लगेच पिशवीतून छोटा रेकॉर्डर काढला. म्हटलं, अण्णा, आत्ता फोनवर बोललात तेच यात बोला.

अण्णांनी भडंगाचा पुडा बंद केला. टोपी सरळ केली. हात झटकले, घसा खाकरला, ते खाकरणंही एका हप्त्यात उरकलं नाही. आणि मग रेकॉर्डर हातात उचलून, ओठांना जवळजवळ टेकवून, जत्रेच्या कर्ण्यासमोर बोलावं त्या आवाजात सुरू झाले, "नमस्कार! सांगली जिल्ह्यातील तमाम शेतकरी बंधू आणि माता-भगिनींनो! सदरहू फिल्टरची निगा राखणे हे आपणा सर्वांचे आद्य कर्तव्य..."

रेकॉर्डरचा लाल दिवा लागला तो विझलाच नाही. रेकॉर्डरच्या मापात शून्य डेसिबल ही वरची हद्द, आवाज तिच्या वर गेला की तो कापला जातो आणि तो कापलेला भाग नंतर कुठलंही सॉफ्टवेअर पूर्ण परत देत नाही. म्हणून सगळ्यात मोठ्याने बोललेलं वाक्य उणे बारा ते उणे सहाच्या मधे बसेल एवढीच पातळी ठेवतात. अण्णांसाठी मात्र रेकॉर्डर रस्त्यापलीकडे ठेवावा लागला असता.

"कसं झालं?" त्यांनी विचारलं.

"दमदार," मी म्हटलं.

"तुमच्यात ह्येच कमी हाय."

यात अण्णांचाही दोष म्हणता येत नाही. गाव कुठलं बघा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली पहिलं मराठी नाटक केलं ते सांगलीत. तेव्हापासून इथल्या निम्म्या माणसांना वाटतं, आवाज म्हणजे तो शेवटच्या रांगेत जाऊन आदळला पाहिजे. नाटकाला ते हवंच. पण माइक शेवटच्या रांगेत बसत नाही, तो तोंडापासून एका वितीवर असतो, आणि एका वितीवरच्या माणसाशी आपण घरात ज्या आवाजात बोलतो तोच लागतो. माइकही तोंडासमोर नको, ओठांच्या कोपऱ्याच्या रेषेत थोडा तिरका हवा. मराठीत प, फ, भ यांच्याबरोबर तोंडातून हवेचा गोळा सुटतो आणि तो सरळ माइकवर गेला की स्पीकरमध्ये धप्प होतं. फिल्टर, फवारणी, पाइप, भोक: ठिबकचा व्हिडिओ म्हणजे या अक्षरांचं संमेलनच. माइकपुढे चार बोटांवर जाळीचा पॉप फिल्टर लावा, आणि रेकॉर्डिंगच्या आधी "फुटलेल्या पाइपाचं भोक" हे एकदा बोलून ऐका. हे निभावलं की बाकी सगळं निभावतं.

आणि उभं राहून बोला. हातात खरा फिल्टर घ्या. झाकण फिरवताना "फिरवा" म्हटलं की तो शब्द आपोआप हाताच्या वेगाने येतो. कागदावरून वाचलेला "फिरवा" कुठेच फिरत नाही.

खोलीचं म्हणाल तर स्टुडिओचं स्वप्न सोडा. भिंतीवर चिकटवतात ते पातळ फोम फक्त वरच्या पट्टीचे आवाज खातात, खोलीची घुमी तशीच राहते. त्यापेक्षा कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना जाड गोधड्या. पंखा बंद. एप्रिलमध्ये, सांगलीत, गोधड्यांच्या मधे, पंखा बंद. आणि त्यातून "नमस्कार मित्रांनो" हसत म्हणायचं, कारण हसू आवाजात ऐकू येतं. घामही ऐकू येत असेल तर माहीत नाही.

फ्रिजही बंद करायचा आणि गाडीची चावी फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे बाहेर पडताना तो परत चालू केल्याशिवाय सुटका नाही. ही युक्ती जगभरच्या रेकॉर्डिंगवाल्यांची आहे, पण ती दह्याच्या भांड्यावर चावी ठेवताना घरच्यांना समजावता येत नाही. विजेच्या तारांची गुणगुण पन्नास हर्ट्झची असते. ऐंशीच्या खालचं सगळं कापलं की ती जाते, पण तिची शंभर आणि दीडशेवरची पिल्लं राहतात. मिरजेला तंबोरे करणारे लोक सूर घुमत राहावा म्हणून जवारी, म्हणजे तारांखालच्या घोडीचा माथा, घासत बसतात. मला न मागता अखंड सूर मिळतो आणि तो जात नाही. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर काम करणं हा त्यातल्या त्यात सोपा उपाय. सॉफ्टवेअरने गुणगुण फार घासून काढली, तर आवाज टाकीत तोंड घालून बोलल्यासारखा होतो. आणि मग लोक म्हणतात, मशीन.

वेळ कुठली? पहाटे देवळाचा कर्णा, सकाळी घंटागाडीचं गाणं, अकराला कुकर, संध्याकाळी बोअरची मोटर, रात्री कुत्री. उरते ती दुपारची दीड ते साडेतीन, गाव वामकुक्षीला गेलेलं असतं तेव्हा. नेमका तेव्हाच भंगारवाला येतो. त्याच्या गाड्यावरच्या स्पीकरमधला आवाज रेकॉर्ड केलेला, फाटलेला, वर्षानुवर्षं तोच. त्याला कुणी मशीन म्हणत नाही. बायका गॅलरीतून "ओ दादा, थांबा" म्हणून हाक मारतात.

चुकलं तर थांबून एक टाळी वाजवायची. संगणकावर त्या जागी उंच टोक दिसतं, शोधावं लागत नाही. आणि चुकलेला शब्द नव्हे, वाक्य पहिल्यापासून परत बोलायचं. मधूनच उचललेल्या शब्दाची पट्टी मागच्याशी जुळत नाही, सांधा कुणालाही ऐकू येतो. तोंड कोरडं पडलं की जिभेचे टिचटिच आवाज येतात, त्यावर पाण्याचे घोट किंवा आंबटसर हिरव्या सफरचंदाची फोड. उपाशीपोटी बसू नये, पोट माइकला फार स्पष्ट ऐकू येतं. पार्श्वसंगीत ठेवायचंच असेल तर बोलण्याच्या अठरा-वीस डेसिबल खाली. शेवटी सगळं हेडफोनवर नाही, साध्या मोबाइलच्या स्पीकरवर ऐकायचं, कारण शेतकरी ते बांधावर तसंच ऐकणार आहे.

हे सगळं धरून पाच मिनिटांच्या आवाजाला अर्धा दिवस सहज जातो, आणि बिल लावलं की ऐकू येतं, "पाच मिनिटांचंच तर बोलायचंय." प्लंबर किती वेळ पाना फिरवतो यावर कुणी घासाघीस करत नाही. बोलणं सगळ्यांनाच येतं, त्यामुळे ते फुकट असावं असं सगळ्यांनाच वाटतं.

श्वास परत घातले, गॅप परत घातले, स्क्रिप्टही अण्णांच्या आडून मोडून घेतली. व्हिडिओ पुन्हा साडेपाचचा झाला. तो पाठवल्यावर मालकांचा फोन आला. दुकानाचा मोबाइल नंबर बदललाय, शेवटचा आकडा फक्त. शेवटी सात नाही, चार. "नंबरात आधी एक चार आहेच की सर, तोच उचलून शेवटी चिकटवा. दोन सेकंदांचं काम."

मधला चार चढा असतो, कारण पुढे आकडे यायचे असतात. शेवटचा चार उतरता असतो. मधला उचलून शेवटी लावला तर ऐकणारा पेन उघडं धरून पुढच्या आकड्याची वाट बघत बसेल. आणि नुसता चार नव्याने बोलावा, तर दुपारच्या आवाजात सकाळचा चार बसत नाही, झोपून उठल्यावर आवाज खर्जात असतो. म्हणजे सगळा नंबर परत. म्हणजे गोधड्या परत, पंखा बंद परत, चावी फ्रिजमध्ये परत. नंबर बोलून पाठवला, वेगळं बिल लावलं. त्याचे पैसे अजून आलेले नाहीत.