‘पूरग्रस्ताला सगळंच लागतं’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण तिच्याखाली ‘बरोबर बोललात’ म्हणणारे बरेच जण जमलेत, त्यामुळे गप्प बसणं योग्य नाही.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सोलापूर जिल्ह्यात सीना नदीला आलेल्या पुरानंतर गावांना काय पाठवावं आणि काय पाठवू नये, हे मी लिहिलं होतं. त्यावर ‘एक सोलापूरकर’ या नावाने तुमचं म्हणणं असं: मी पंख्याखाली बसून देणाऱ्यांचे हात अडवतोय, तुमच्या गल्लीने कपडे, चादरी आणि जेवणाचे तीन टेम्पो माढ्याकडे पाठवले, ते कुणी परत केले नाहीत, पूरग्रस्ताला सगळंच लागतं, आणि माझ्या यादीत शेतमजूर कुठेच नाहीत.

आधी भाषेबद्दल. ‘पंख्याखाली बसून’ हे तुम्ही ओळखदेख नसताना लिहिलंत. सीनाकाठच्या पाणी योजनांवर माझी वीस वर्षं गेली आहेत. गाळाने भरलेली विहीर म्हणजे काय, हे मला तुमच्याकडून शिकायचं नाही. मुद्दा खोडा, जरूर खोडा. पण माणसाच्या हेतूवर चिखल उडवून मुद्दा खोडला जात नाही.

एक गोष्ट मान्य करतो. ‘चादरी नकोत’ असं मी सरसकट लिहिलं होतं, ते चुकलं. शाळेत आणि मंगल कार्यालयात हलवलेल्या माणसांना पहिल्या रात्री कोरडं अंथरूण-पांघरूण लागतं, आणि सोलापुरात चादर मागायला कुणाकडे जायची गरज नाही. फक्त जाड सुती चादर एकदा भिजली की ढगाळ हवेत दोन-दोन दिवस वाळत नाही, वास मारते. म्हणून ती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून द्यावी, एवढं जोडून वाचा.

आता तुमचं ते वाक्य: ‘पूरग्रस्ताला सगळंच लागतं.’ नाही हो, लागत नाही. कुणी परत केलं नाही हा तुमचा पुरावा. परत कोण करणार? घर वाहून गेलेला माणूस दारात आलेल्याला नको म्हणत नाही, आपल्याकडे ती रीतच नाही. उतरवून घेतो, हात जोडतो आणि तुमची गाडी वळली की तो ढीग शाळेच्या व्हरांड्यात पडून राहतो. वरून पाऊस लागला की आतले कपडे कुबट होतात, शाळा सुरू करायची तर आधी तोच ढीग हलवावा लागतो. वयस्कर बायका लुगडं नेसतात आणि गाठोड्यात निघतात सहावारी साड्या, जीन्स आणि लग्नातले कोट. परकर आणि आतले कपडे, जे नवेच द्यावे लागतात, ते कुणी देत नाही. पॅड देतात, पण ते टाकायच्या पिशव्या विसरतात.

जेवणाचंही तसंच. सकाळी सहाला शिजवलेली खिचडी चार तासांच्या आत पोटात गेली पाहिजे. लांबोटीजवळ पाण्यामुळे सोलापूर-पुणे महामार्ग बंद होता, गाड्या वळसा घालून जात होत्या. झाकण लावलेल्या पातेल्यात कोमट राहिलेला भात दुपारी दोनला वाटायचा म्हणजे जुलाबाला बोलावणं, तेही संडास पाण्याखाली असताना. कच्चा शिधा पहिल्या तीन-चार दिवसांत तेवढाच निरुपयोगी, कारण चूल विरघळलेली आणि सरपण भिजलेलं. या दिवसांसाठी आपल्याच घरात उत्तर आहे: कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. मात्र भाकरी पूर्ण गार झाल्याशिवाय पिशवी बांधायची नाही. गरम बांधली की तिला घाम सुटतो, ती मऊ पडते आणि दोन दिवसांत बुरशी धरते. पाणी ओसरल्यावर शिधा द्या, तोही शेगडीसकट. पाच किलो पीठ, किलोभर तूरडाळ, लिटरभर तेल, तिखट, मीठ, चहा-साखर, आणि काडेपेटी वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये.

उरलेल्या चपात्या आणि भात जनावरांना घालतात, ‘वाया गेलं नाही’ म्हणून. यातच घात आहे. दोन दिवस उपाशी असलेल्या गाईला पाटीभर चपात्या आणि भात घातला तर पोटात आम्ल वाढतं, रवंथ थांबतो, गाय बसते ती उठत नाही. तिला हवा कडबा. मोठ्या जनावराला दिवसाला सहा-सात किलो कोरडा चारा धरा आणि गावात किती जनावरं उरली ते विचारून किती शेकडा पेंढ्या लागतील ते ठरवा. वरून ताडपत्री आणि खालीही ताडपत्री, कारण भिजलेला कडबा काळा पडून बुरसतो आणि तो खाऊन जनावर आणखी आजारी पडतं. सोबत घटसर्प आणि फऱ्या या जनावरांच्या रोगांच्या लसीसाठी पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलणी करा.

हे सगळं पहिल्या आठवड्याचं. गाड्या बंद होतात तेव्हा गावाचं खरं काम सुरू होतं, आणि मी लिहिलं ते मुख्यतः त्याबद्दल होतं. तुम्ही त्यावर एक अक्षर लिहिलं नाहीत.

विहीर घ्या. गाळाने भरलेल्या विहिरीसाठी शासनाने ३० हजार रुपये जाहीर केले, पण यारी, म्हणजे गाळ वर ओढायचं यंत्र, लावायला गाव पैसे हातात येईपर्यंत थांबू शकत नाही. उत्साही मंडळी पंप आणून एका दिवसात विहीर कोरडी करतात. बाहेरची जमीन पाण्याने तुडुंब असते, आतला दाब गेला की तिच्या रेट्याने दगडी बांधकाम आत कोसळतं. रोज थोडं थोडं उपसायचं, कडा बघत. डिझेल इंजिन विहिरीत उतरवायचं नाही, धूर खाली साचतो आणि उतरलेला माणूस गुदमरतो.

गाळ निघाल्यावर टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लिचिंग पावडर. साधा हिशेब हजार लिटरला अडीच ग्रॅम. विहिरीचा व्यास पाच मीटर आणि पाणी चार मीटर असेल तर साधारण ७८,५०० लिटर, म्हणजे दोनशे ग्रॅम. पावडर बादलीत कालवायची, दहा मिनिटं चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत खालीवर हलवायची. पण पुरानंतरचं पाणी क्लोरीन गिळून टाकतं. म्हणून तासाभराने विहिरीचं थोडं पाणी घेऊन त्यात ओटीचा, म्हणजे क्लोरीन तपासायच्या द्रावणाचा, थेंब टाकून पिवळा रंग येतो का ते बघायचं, आणि नाही आला तर पुन्हा मात्रा द्यायची. पावडर ताजी पाहिजे. तोंड उघडं राहिलेल्या पोत्यातली पावडर नुसती पांढरी माती असते. पोतं देणारे पुष्कळ भेटतात, ओटी किट देणारा क्वचितच. ते जलसुरक्षकाच्या, म्हणजे गावचं पाणी तपासणाऱ्या ग्रामपंचायतीच्या माणसाच्या, हातात द्या.

तीच गोष्ट पाण्याच्या पंपाच्या मोटारीची. बुडालेली मोटार पाणी ओसरताच चालू करून बघायची नाही, वाइंडिंग, म्हणजे आतलं तारेचं वेटोळं, जळतं. आधी खोलून स्वच्छ पाण्याने धुवायची, पूर्ण वाळवायची, मेगर या विजेची गळती दाखवणाऱ्या उपकरणावर तपासायची आणि बेअरिंग बदलायचे. वेळीच केलं तर पुष्कळ मोटारी रिवाइंडिंगविना वाचतात. एका गल्लीने एका गावातल्या पाच मोटारींचं दुकानदाराचं बिल थेट भरलं, तर ती मदत वर्षभर पुरते.

आणि बियाणं. वाफसा आला, म्हणजे जमिनीत पेरण्याजोगी ओल राहिली, की ज्वारी पेरायची घाई होते. मालदांडी हे ज्वारीचं वाण एकरी चार किलो, किलोला चार ग्रॅम गंधक चोळून, म्हणजे काणी हा बुरशीचा रोग लागत नाही. त्या चार किलोंतून घराची भाकरीही निघते आणि पुढच्या वर्षीचा कडबाही. जिथे माती खरडून खडक उघडा पडलाय तिथे बियाणं देऊन उपयोग नाही, तिथे गाळमातीच्या खेपा लागतात आणि ट्रॅक्टरच्या डिझेलचे पैसे लागतात.

यात देणाऱ्याचा हात कुठे अडवला? ‘तुम्ही देणाऱ्यांना शिकवता’ असा तुमचा सूर आहे. हो, शिकवतो. तीन टेम्पोंचं भाडं आणि डिझेल यांत किती पेंढ्या कडबा आला असता, याचा हिशेब तुम्ही केलात का? राग आला तरी चालेल, पण हिशेब करा.

शेतमजुरांचा मुद्दा वेगळा आहे, तो या यादीत बसत नाही. त्यात इथे शिरत नाही. ‘सरकार काय करतंय’ असंही तुम्ही विचारलंत, ते सरकारला विचारा.

चौथा टेम्पो काढणार आहात असं तुम्ही लिहिलंय. अजून भरला नसेल तर आज ग्रामसेवकाला किंवा आशाताईंना फोन करा आणि चार गोष्टी विचारा: किती जनावरं, किती विहिरी गाळात, किती मोटारी बुडाल्या, गाडी गावापर्यंत येते का. त्यानंतर भरा. आणि म्हाताऱ्या किती तेही विचारा, लुगडी नऊवारी लागतील.