नाताळच्या मेजावरची रिकामी खुर्ची

डिसेंबर लागला की मी खुनाच्या मालिका पाहायला बसते, आणि त्यातही नाताळात घडणाऱ्या. ज्यांना ‘कोझी मिस्टरी’ म्हणतात त्या या मालिका. रक्त फारसे दिसत नाही, तपास करणारा माणूस सभ्य असतो आणि शेवटी खुनी सापडतोच. माझ्या ओळखीतल्या अनेकांना हे विचित्र वाटते. सजवलेले झाड, शेकोटी, मुलांची गाणी, आणि त्याच घरात वरच्या मजल्यावर प्रेत, ही सांगड त्यांना सणाचा अपमान वाटते. मला ती अत्यंत स्वाभाविक वाटते, आणि ती का हे एकदा नीट लिहून काढावे असे बरेच दिवस मनात होते.

अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांची ‘हर्क्यूल पॉयरोज ख्रिसमस’ ही कादंबरी १९३८ साली आली. अलीकडे तुमचे खून फारच सोज्वळ होऊ लागले आहेत, अशी तक्रार त्यांच्या मेव्हण्याने केली होती, म्हणून त्यांनी हे भरपूर रक्त सांडणारे पुस्तक त्यालाच अर्पण केले. त्यात खुनाची बातमी येण्याच्या आधीचा एक संवाद आहे. ख्रिस्ती यांचा गुप्तहेर पॉयरो आणि पोलीसप्रमुख कर्नल जॉन्सन शेकोटीपाशी बसलेले आहेत. जॉन्सनना लाकडाच्या विस्तवापुढे दुसरे काही सुचत नाही, पॉयरोच्या मानेला मात्र मागून गार वारा झोंबतो आहे. नाताळात कोण कशाला गुन्हा करील, सगळे आनंदात असतात, असे जॉन्सन म्हणतात. त्यावर पॉयरो शांतपणे सांगतो की वर्षभर एकमेकांपासून दूर राहिलेली माणसे या दिवसांत एका छपराखाली येतात, मनात नसताना गोड बोलतात, आणि त्या ओढूनताणून आणलेल्या गोडव्याचा ताण कुठेतरी फुटतो. मला वाटते, या सगळ्या प्रकाराचे मर्म त्या एका संवादात आले आहे. शेकोटीची ऊब समोर आणि गार झुळूक मानेवर, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जाणवल्या पाहिजेत. ज्या मालिकेत नुसतीच ऊब असते ती मला अर्ध्या तासात कंटाळवाणी होते.

रहस्यकथेला संशयितांचे बंदिस्त वर्तुळ लागते, आणि ब्रिटनमधला नाताळ ते आयते पुरवतो. पंचवीस डिसेंबरला तिथे रेल्वे जवळजवळ पूर्ण बंद असते, लंडनमध्ये बस आणि भुयारी रेल्वेही धावत नाहीत, दुकाने बंद असतात आणि दुपारी चारच्या आसपास सूर्य मावळतो. घरात आलेला पाहुणा त्या दिवशी सहजासहजी बाहेर पडू शकत नाही, मग त्याला तिथे राहावेसे वाटो किंवा न वाटो. बर्फ ही पडद्यावरची भर आहे, कारण दक्षिण इंग्लंडमध्ये नाताळच्या दिवशी प्रत्यक्षात ते क्वचितच साचते. बीबीसीच्या ‘डेथ इन पॅराडाइज’ या मालिकेने तर बर्फाशिवायही भागते हे दाखवून दिले. सेंट मारी नावाच्या काल्पनिक कॅरिबियन बेटावर ती घडते, तिचे चित्रीकरण ग्वादलूपमध्ये होते, आणि २०२१ पासून तिचे नाताळ विशेष भाग येऊ लागले. तिथे घाम निथळत असतो, समुद्र निळा असतो, तरी कथा पकड घेते, कारण नाताळची खरी सामग्री थंडी नसून घरी परतलेली माणसे ही आहे. ‘मिडसमर मर्डर्स’च्या २००४ सालच्या नाताळ भागातही जुन्या मृत्यूची सावली असलेले एक कुटुंबच पुन्हा एकत्र जमते.

शिवाय ही परंपरा दूरचित्रवाणीपेक्षा कितीतरी जुनी आहे. व्हिक्टोरियन काळात नाताळच्या रात्री भुताच्या गोष्टी सांगण्याची रीतच होती, आणि १८४३ साली डिकन्स यांनी आपल्या सर्वांत प्रसिद्ध नाताळकथेत भुतेच आणली. वर्षाच्या सर्वांत काळोख्या दिवसांत माणसांना गेलेल्यांची आठवण येते, आणि ती एकट्याने काढण्यापेक्षा दिव्याभोवती बसून काढलेली बरी, हे त्या लोकांना उमगले होते.

इथे मला माझ्या घरातली एक गोष्ट सांगायची आहे. आई गेली त्यानंतरचा पहिला डिसेंबर होता. बाबा संध्याकाळी दिवा न लावता बसून राहत. एके दिवशी मी अभिनेते डेव्हिड सुशे यांची पॉयरो मालिका लावली आणि नेमका ख्रिस्ती यांच्या त्याच नाताळच्या कादंबरीवरचा भाग लागला. म्हातारा, धनाढ्य सिमियन ली आपल्या मुलांना घरी बोलावतो, त्यांचा पाणउतारा करतो आणि बंद खोलीत मारला जातो. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “या सगळ्यांत रडतंय कोण?” मी नीट पाहिले. एक मुलगा पैशाच्या चिंतेत होता, दुसरा जुन्या रागात अडकला होता. बापाजवळ राहिलेला आल्फ्रेड तेवढा खरोखर कोलमडला होता. “हा एकटाच,” बाबा म्हणाले, आणि ते शेवटपर्यंत त्याच्याकडेच पाहत राहिले.

तेव्हापासून माझी कसोटी तीच आहे. पुष्कळ मालिका सोयीसाठी असा माणूस मारतात की ज्याच्या जाण्याने कोणाचेच काही बिघडत नाही, आणि मग खून हे नुसते कोडे उरते. मला ते पटत नाही. मेजावर एक ताट कमी झाले आहे हे कोणाच्या तरी तोंडावर दिसले पाहिजे, निदान घरच्या जुन्या नोकराच्या तरी. तसे झाले की पुढचा तपास नुसता बुद्धीचा खेळ राहत नाही. पॉयरो एकेकाला समोर बसवतो, घाई न करता विचारतो आणि ऐकतो. ज्या सुनेला घरात कोणी कधी विचारले नाही, तिचेही म्हणणे तो शब्दन् शब्द लक्षात ठेवतो. मृताच्या खोलीत जमिनीवरून उचललेला गुलाबी रबराचा तुकडा आणि लाकडाची चिमुकली खुंटी या क्षुल्लक वस्तूंकडेही तो त्याच गांभीर्याने पाहतो. सणाच्या गडबडीत घरातल्या प्रत्येकाचे असे कोण ऐकून घेते? मला या मालिकांची ओढ वाटते ती या ऐकण्यामुळे. शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून जे घडले ते क्रमवार सांगितले जाते, तेव्हा गेलेला माणूस परत येत नाही, पण तो कसा गेला याबद्दल घरात आता कोणी खोटे बोलत नाही.

बाबांना पात्रांची नावे लक्षात राहत नाहीत. यंदाचा पहिला भाग आम्ही कालच पाहिला. प्रेत सापडले, किंकाळी ऐकू आली, आणि मी संशयितांची मोजदाद सुरू करणार तोच त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि पडद्याच्या कडेला पाठमोऱ्या उभ्या असलेल्या एका बाईकडे बोट दाखवले.