त्या वर्षी कुणीच नीट झोपलं नाही

परवा जेवताना पुतण्याने मोबाईल पुढे केला. "काका, हे बघ, भारी आहे." रमण राघव, मुंबईतला जुना सीरियल किलर, त्याच्यावरचं रील होतं. मागे ढणढण म्युझिक, लाल अक्षरं, आणि खाली कमेंटमध्ये आगीचे इमोजी. पोरगं बारावीत आहे, वाईट नाही. पण हातातली भाकरी तशीच राहिली माझी.

साताऱ्याच्या माणसापुढे सीरियल किलर म्हटलं की तो आधी वाई-धोमचं प्रकरण काढतो. ऑगस्ट २०१६ मध्ये इथल्या चहाच्या टपरीवर दुसरा विषयच नव्हता. ते मी बाजूला ठेवतो. ते कोर्टाचं काम आहे आणि ज्यांच्या घरातली माणसं गेली ती इथेच आसपास राहतात. मला बोलायचंय रमण राघवबद्दल, कारण ते नाव आमच्या घरात चाळीस वर्षं वावरलंय.

आमचं गाव पाटण तालुक्यात. आजोबा गिरणीत. लालबागला गावकऱ्यांची खोली होती, दहा बाय बाराची, त्यात पाळीपाळीने पंचवीस-तीस माणसं. प्रत्येकाची एक ट्रंक आणि दोरीवर एक खुंटीभर जागा. पहिल्या पाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच गोधडीवर आडवा. आणि ज्याला खोलीत जागा नाही तो गॅलरीत, जिन्यात, नाहीतर खाली फुटपाथवर. फुटपाथवर झोपणं म्हणजे भिकारीपण नव्हतं. पाऊस नसेल तर तीच हवेशीर जागा.

आता वर्ष बघा. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. दीडशेहून जास्त माणसं गेली, घरंच्या घरं बसली. त्यानंतर कित्येक महिने जमीन हलायची थांबेना. आजी पोरांना घेऊन माळावर छप्पर टाकून राहिली. भिंतीच्या आत झोपायचं म्हटलं की तिच्या अंगावर काटा यायचा. शाळेतल्या गुरुजींकडून लिहून घेतलेलं तिचं एक पत्र आजोबांनी जपून ठेवलं होतं. त्यात एक ओळ होती: "घरात निजत न्हाई, तुमी काळजी करू नगा."

आणि १९६८ च्या पावसाळ्यात तिकडे मुंबईत नेमकं उलटं. उपनगरांत झोपडीत, उघड्यावर झोपलेल्या माणसांची डोकी रात्री कुणीतरी फोडत होतं. काहीतरी जड लोखंडी हत्यार, घाव डोक्यावर, आणि माणूस झोपेतच खलास. चोरी म्हणावी तर ज्यांना मारलं त्यांच्याकडे होतं काय? सगळी शहरभर बातमी. आजोबा सांगायचे, लालबागलासुद्धा लोक रात्री काठ्या घेऊन गस्त घालायचे. खोलीत माणसावर माणूस, पाय पसरायला जागा नाही, तरी कुणी बाहेर निजेना. "आरं, गावाकडं तुझी आजी आत निजत न्हवती आन् हितं आमी भायेर निजत न्हवतो," असं म्हणून ते हसायचे. त्याच हसण्यात एकदा सांगून गेले, की एका रात्री एका भिकाऱ्याला, नुसता पुटपुटत चालला होता म्हणून, लोकांनी बदडला. आजोबाही होते त्यात. "म्या दोनच मारल्या," म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत.

रमण राघव सापडला २७ ऑगस्ट १९६८ ला, डोंगरी भागात. सब-इन्स्पेक्टर अॅलेक्स फियालो यांनी पकडला. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. त्या भागात पाऊस नव्हता आणि या माणसाच्या हातातली छत्री ओली होती. कुठून आलास, तर मालाडकडून. तिकडे पाऊस होता, आणि खूनही तिकडेच झाले होते. तपास म्हणजे हे. पण छत्रीवर कुणी रील करत नाही.

त्याच्याजवळ काय सापडलं याची नोंद आहे. एक चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचं घर, साबण, लसूण, चहाची पूड, आणि आकडेमोड केलेले दोन कागद. अंगात बुशशर्ट आणि खाकी हाफपँट, त्यावर रक्ताचे डाग. बुटाला चिखल. ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा दचकलो होतो, कारण चष्मा आणि कात्री सोडली तर हे सामान आजोबांच्या ट्रंकेतलं आहे. पोटासाठी मुंबईत आलेल्या कुठल्याही एकट्या पुरुषाचं आहे.

पुढचा किस्सा सगळ्यांना पाठ असतो. काहीच बोलेना, मग त्याने कोंबडी मागितली. ती दिली. मग खोबरेल, कंगवा, आरसा. अंगाला तेल चोपडलं, आरशात बघितलं आणि मग बोलायला लागला. हा किस्सा लोक हसत सांगतात. जवळ दोन कंगवे सापडलेला माणूस तिसरा कंगवा मागतो हे मात्र कुणाच्या लक्षात येत नाही.

मारले किती? कुणी २३ सांगतं, कुणी ४१. खटला चालला तो मालाड भागातल्या दोघांच्या खुनाचा. आणि त्याहून महत्त्वाचं, १९६५-६६ मध्ये पूर्व उपनगरांत रेल्वे लाईनच्या कडेने असेच १९ जणांवर हल्ले झाले होते, ९ जण मेले. तेव्हाही हाच माणूस पोलिसांच्या हाती लागला होता. पुरावा नाही म्हणून सुटला. त्याचा फोटो फायलीत होता, तोच पुढे ओळख पटवायला उपयोगी पडला. मेलेली माणसं झोपडीतली नसती, पेडर रोडची असती, तर मधली दोन-तीन वर्षं अशी गेली असती का? मला वाटत नाही.

आता डोक्याचं. जून १९६९ मध्ये खटला उभा राहिला. बचावाचं म्हणणं, आरोपी वेडा आहे. पोलीस सर्जननी आठवडाभर नजरेखाली ठेवून सांगितलं, ठीक आहे. फाशीची शिक्षा झाली. त्याने अपील करायलाच नकार दिला. मग हायकोर्टाने तीन मानसोपचारतज्ज्ञांचं मंडळ नेमायला लावलं. ते त्याच्याशी पाच वेळा, दर वेळी दोन-दोन तास बोलले. त्यांना त्याने जे सांगितलं ते वाचा एकदा. जगं दोन आहेत, एक हे आणि एक 'कानून'चं. आपल्याला बाई बनवायचा कट चाललाय, पण आपण १०१ टक्के पुरुष. देशात सरकारं तीन: अकबर सरकार, ब्रिटिश सरकार आणि काँग्रेस सरकार, आणि तिन्ही आपल्या मागे. निदान झालं, जुना स्किझोफ्रेनिया, बरा न होणारा. फाशीची जन्मठेप झाली ४ ऑगस्ट १९८७ ला. फाशी सुनावल्यापासून अठरा वर्षं. १९९५ मध्ये पुण्यात ससूनला मूत्रपिंडाच्या आजाराने गेला.

तीन सरकारांवर पुतण्या खो खो हसला. मी हसू शकत नाही, कारण आमच्या घरात सांगली केंद्र होतं.

बापूकाका माझा धाकटा चुलता. तोही गिरणीतच लागला, आजोबांच्याच खोलीत. १९८२ चा संप झाला आणि सगळे परत आले, तेव्हा हा वेगळाच होऊन आला. झोपायचा नाही. कोपऱ्यात बसून आकाशवाणी सांगली लावायचा आणि शेतीचा कार्यक्रम लागला की घाम फुटायचा त्याला. "माझ्यावर बोलत्यात." उसावरचा तांबेरा म्हणजे मी, पाणी तोडा म्हणजे मला मारा. सगळं इतकं चोख जुळवून सांगायचा की मध्येच आपल्यालाच वाटावं, असेल बुवा. अकबर सरकार आणि सांगली केंद्र, फरक तो काय? डोकं बिघडतं तेव्हा ते कच्चा माल आजूबाजूचाच उचलतं.

फरक एकच आणि तो मोठा. बापूकाकाने आयुष्यात कुणाला चापट मारली नाही. असे आजारी लोक बहुतेक असेच असतात, दुसऱ्याला इजा करणारे फार थोडे. स्वतःचीच भीती वाटून कोपऱ्यात बसणारे, गावभर दगड खाणारे जास्त. पण गावातल्या पोरांनी त्याचं नाव ठेवलं रमण राघव. तो ओढ्याकडे निघाला की मागून आरडाओरडा, खडे. मी तेव्हा तेरा वर्षांचा. मी खडे मारले नाहीत. पण त्या पोरांबरोबर चालत होतो आणि हा माझा चुलता आहे असं म्हणालो नाही.

आधी भगत झाला, अंगारा झाला, कोंबडं झालं (हो, आमच्याकडेही कोंबडी आहे गोष्टीत). दोन वर्षं त्यात गेली. मग साताऱ्याचे डॉक्टर. महिन्यातून एकदा उंब्रजवरून एसटीने जायचं, गोळ्या आणायच्या. गोळ्यांनी आवाज कमी झाले, पण हात थरथरायचे. कपातला चहा सांडायचा म्हणून आई त्याला वाटीत द्यायची. त्याची लाज वाटून गोळ्या बंद करायचा, की परत सांगली केंद्र. थरथरण्यावरही गोळी असते हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही पहिली तीन वर्षं. नंतर ती मिळाली आणि पुढची पंचवीस वर्षं त्याने म्हशी सांभाळल्या, भाताची लावण केली, माझ्या लग्नात वाढपी म्हणून फिरला.

म्हणून मला दोन्हीकडच्या लोकांचा राग येतो. एक म्हणतात, वेडबिड काही नाही, सगळं नाटक, लटकवायला हवा होता. अरे, फाशी सुनावली तरी अपील न करणारा माणूस नाटक कुणासाठी करेल? आणि दुसरे ते, जे पुटपुटणारा प्रत्येक माणूस बघितला की पोरांना आत ओढतात. रमण राघवला माफ करा असं मी म्हणत नाही. तो मरेपर्यंत बंदिस्त राहिला ते बरोबरच झालं. कायदाही वेडाला सरसकट सूट देत नाही, आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हे कळण्याची शक्तीच त्या क्षणी नव्हती, हे दाखवावं लागतं. त्याच्या बाबतीत डॉक्टर आणि कोर्ट याच दोरीवर अठरा वर्षं ओढत राहिले. ते ओढू देत. पण लाल अक्षरं आणि म्युझिक लावून त्याला हिरो करताना दोन गोष्टी गायब होतात: तो आजारी होता ही, आणि मेलेली माणसं आमच्या आजोबांसारखी दमून झोपलेली होती ही.

पुतण्याने रील बंद केलं. मग विचारलं, "आपला बापूआजा? ओसरीवर झोपायचा तो?"

हो, ओसरीवर. ते मी त्याला पूर्ण सांगितलं नाही, इथे लिहितो. एकदा लग्नाचे पाहुणे आले होते, त्यातला एक जण वडिलांना बाजूला घेऊन म्हणाला, "घरात बायापोरं आहेत, उद्या रमण राघव झाला म्हणजे?" त्या रात्रीपासून बापूकाकाचं अंथरूण ओसरीवर गेलं आणि दाराला आतून कडी लागायला लागली. वडील स्वतः लावायचे. कुणीच काही बोललं नाही, मीसुद्धा नाही. पावसात ओसरीवर झड यायची, तो भिंतीला चिकटून निजायचा.

भूकंपानंतर घरात निजायला घाबरणारी आजी तोवर म्हातारी झाली होती. तिचं अंथरूण दाराशेजारीच. आई पहाटे पाणी तापवायला उठायची तेव्हा कडी काढलेलीच असायची.